भाऊसाहेबांची करंगळी

"मी वाजवीन," असं ऑर्केस्ट्राच्या मीटिंगमध्ये भाऊसाहेब म्हणाले, तेव्हा हे दुसरंच कोणीतरी बोललं असं आधी त्यांनाच वाटलं. त्यांनी मागे वळूनही पाहिलं. मागे नुसती भिंत होती, आणि भिंतीवर त्यांच्याच सहीचं 'मोठ्याने बोलू नये' हे परिपत्रक.

भाऊसाहेब म्हणजे खात्याचे हेडक्लार्क. खात्याच्या हौशी ऑर्केस्ट्रात ते एकोणीस वर्षं गिटार वाजवत होते. वाजवत होते म्हणजे मागच्या रांगेत, ढोलाच्या आडोशाला खुर्ची टाकून चार-पाच कॉर्ड आलटून पालटून खाजवत होते. त्यात त्यांचं काही बिघडत नव्हतं आणि ऑर्केस्ट्राचंही. वार्षिक स्नेहसंमेलनाची सुरुवात दरवर्षी एकाच धूनने व्हायची. त्या धूनच्या मध्यावर सगळी वाद्यं एकदम गप्प व्हायची आणि एकटी गिटार अकरा सेकंदांत चव्वेचाळीस सूर उधळून मोकळी व्हायची. याला सगळे नुसतं 'पीस' म्हणायचे. हा पीस वाजवायला नकाशा विभागातला एक उंच गृहस्थ होता. तो वाजवताना केस उडायचे, कोपर उडायचं, बोटं तर छतापर्यंत जायची, आणि प्रेक्षक शिट्ट्या मारायचे. यंदा त्याची बदली झाली.

तेव्हा आवक-जावक विभागातला कीबोर्डवाला उभा राहिला. त्याला सगळे बटण म्हणायचे, कारण तो वाजवण्यापेक्षा बटणं जास्त दाबायचा. "आता गिटार हवी कशाला? माझ्या कीबोर्डात गिटारचा आवाज आहे. एक बटण दाबलं की पीस तयार. गिटारची खुर्चीच काढून टाकू. तेवढीच ऐसपैस जागा होईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकोणीस वर्षांच्या खुर्चीवर बसलेला माणूस त्या खोलीतच आहे, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. म्हणून भाऊसाहेब ते वाक्य बोलून गेले. त्यावर कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कोणी हसलं नाही. पीस त्यांच्या नावावर लिहिला गेला, पण सगळ्यांनी काळजीने त्यांच्याकडे पाहिलं. ते त्यांना फार लागलं.

घरी आल्यावर बायकोने एकच प्रश्न विचारला. "अहो, पण तुम्हाला येतो का तो?"

"येत नाही. येईल."

"कधी?"

"तीन महिने आहेत."

"बाथरूमच्या नळालाही तुम्ही 'होईल' म्हणाला होतात. त्याला दोन वर्षं झाली," ती म्हणाली आणि आत गेली.

पहिल्याच दिवशी भाऊसाहेबांना शत्रू कोण ते कळलं. तो बाहेरचा नव्हता. डाव्या हाताला, अगदी कडेला, जन्मापासून जोडलेला होता. हळू वाजवताना चारही बोटं गुण्यागोविंदाने नांदायची. वेग वाढवला की करंगळी ताठ होऊन वर उभी राहायची आणि तिची पाळी आली की तिला खाली आणेपर्यंत पीस पुढे निघून गेलेला असायचा. करंगळी हा अवयव निसर्गाने नक्की कशासाठी दिला, यावर भाऊसाहेबांनी त्या आठवड्यात बराच विचार केला. कान खाजवायला ती बरी पडते. पण त्यासाठी पगारी माणूस ठेवावा तसं तिला हाताच्या आस्थापनेवर कायम का केलं असावं, ते त्यांना उमगेना.

शेजारी एक निवृत्त पीटी मास्तर राहत. शरीराच्या कुठल्याही भागाचा प्रश्न निघाला की तो आपल्याच विषयातला आहे अशी त्यांची खात्री असे. त्यांनी गॅलरीतून चार दिवस ऐकलं आणि पाचव्या दिवशी ते चपला न काढता आत आले.

"शिस्त नाही," ते म्हणाले.

"कोणाला?"

"बोटांना! एक पुढे, एक मागे, एक भलतीकडेच बघतंय. कवायतीत असा पोरगा असला की आम्ही काय करायचो? शहाण्या पोराच्या हाताला त्याचा हात बांधायचो!"

त्याच संध्याकाळी मास्तरांनी चिकटपट्टीने भाऊसाहेबांची करंगळी शेजारच्या बोटाला बांधली. वर दुसऱ्या हातात चेंडू दिला, तो दाबत राहायचा. कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही. बांधलेल्या बोटांनी भाऊसाहेब ऑफिसला गेले. दुपारपर्यंत त्यांचं बोट मोडल्याची, चार वाजेपर्यंत हात मोडल्याची आणि सुटायच्या वेळी घरात भांडण झाल्याची बातमी झाली. चौथ्या दिवशी पट्टी सोडली. करंगळी शहाणी झाली नव्हती. शेजारचं बोट मात्र बिघडलं होतं. आता दोघं मिळून वर जाऊ लागली.

"संगत," मास्तर खिन्नपणे म्हणाले आणि त्यानंतर त्यांनी या विषयातून अंग काढून घेतलं.

उपाय अखेर बायकोने आणला. ती गजराचं घड्याळ दुरुस्तीला घेऊन गेली होती. घड्याळजीचं दुकान इतकं अरुंद की त्यात तो स्वतः, एक स्टूल आणि भिंतभर घड्याळं एवढंच मावायचं. पण तिथे खिळ्याला एक जुनी गिटार टांगलेली तिने पाहिली. "आमच्या ह्यांचं बोट बघा जरा," असं ती त्याला सांगून आली, आणि दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांना गिटारसकट तिथे धाडलं. गजराचं घड्याळ राहिलं ते राहिलंच.

घड्याळजी साठीचा, बारीक आवाजाचा माणूस होता. त्याने भाऊसाहेबांना स्टुलावर बसवलं. गिटारची मान रस्त्यावर राहिली. मग डोळ्याला ते काळं भिंग लावून तो त्यांच्या बोटांवर वाकला. एखाद्या डॉक्टरनेही त्यांच्याकडे इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

"वाजवा."

भाऊसाहेबांनी जिवाच्या आकांताने पीस वाजवला.

"हं. बोट तारेवरून किती वर जातंय ठाऊक आहे? दोन इंच. वर जायला वेळ लागतो, खाली यायला वेळ लागतो. हा वेळ तुम्ही आणणार कुठून?"

"मग किती उचलायचं?"

"खालून कागद सरकेल इतकंच. घड्याळातलं चाक उगाच जास्त फिरतं का? कामापुरतं हलायचं. आणि दुसरं, पहिल्या बोटापुढे दुसरं, त्यापुढे तिसरं, असं चढत जाताना मागची बोटं उचलता कशाला? राहू दे की तिथंच. उतरताना तीच लागणार आहेत." मग त्याने भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाकडे बोट केलं. "आता एका टिकला एकच सूर."

"पण मला फास्ट वाजवायचंय."

"म्हणूनच."

भाऊसाहेबांनी घरी जाऊन हे सगळं एका नव्या फाइलीत लिहून काढलं. वर लिहिलं, 'विषय : बोटे न उचलणेबाबत.' सवय ती सवय.

आणि मग ते दिवस सुरू झाले, ज्यांत भाऊसाहेबांना कुठेच चैन पडेना. एका टिकला एक सूर, एक, दोन, तीन, चार. घरात, जिन्यात, रस्त्यात. बसमध्ये ते दांडीवर बोटं बसवायचे. एकदा दांडी सापडली नाही म्हणून पुढच्या सीटच्या पाठीवर बसवली, तर ती पाठ सीटची नव्हती, एका जाडजूड गृहस्थांची होती. "काही सांगायचंय का?" त्यांनी विचारलं. भाऊसाहेब एक स्टॉप आधी उतरले. मोठ्या साहेबांच्या मीटिंगमध्ये टेबलावर बोटं चालू लागली, तेव्हा साहेब बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्हाला घाई असेल तर मी आवरतं घेतो." एकोणीस वर्षांत त्यांना कोणी असं टोचून बोललं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि मीटिंग संपेपर्यंत तसेच बसले. मांडीखालीही बोटं चालूच होती. संध्याकाळी टीव्ही बघताना ते बायकोच्या दंडावर बोटं बसवायचे. ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणायची, "तिसऱ्यानंतर अडखळताय."

दोन महिन्यांत ते एका टिकला तीन सुरांवर आले. चार झाले की पीस झाला. आणि नेमकं त्याच वेळी एका सकाळी ऑफिसच्या दारातलं हजेरीचं मशीन म्हणालं, "कृपया पुन्हा बोट ठेवा."

भाऊसाहेबांनी पुन्हा ठेवलं. पुसून ठेवलं. फुंकर मारून ठेवलं. मशीनमध्ये त्यांची डावी तर्जनी नोंदलेली होती. नोंदणीच्या दिवशी उजव्या बोटांना शिक्क्याची शाई लागलेली, म्हणून. त्या तर्जनीला आता तारेच्या घावाचे घट्टे पडले होते आणि मधोमध एक खोल रेघ. मशीनला हे बोट परकं वाटत होतं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ज्याचं बोट मशीन घेणार नाही त्याला गैरहजर समजावे, त्याचे तोंडी सांगणे ऐकू नये, हे परिपत्रक दोन वर्षांपूर्वी भाऊसाहेबांनीच काढलं होतं. आणि तालमीच्या नावाखाली लोक दांड्या मारतात म्हणून, स्नेहसंमेलनाच्या आधीच्या महिन्यात दहापेक्षा जास्त दिवस गैरहजर असणाऱ्याला स्टेजवर चढू देऊ नये, हेही त्यांनीच घातलं होतं. संमेलनाला तीन आठवडे उरले होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार करायची कोणाकडे?

बोट बदलून घेण्याचा अर्ज असतो. तो आवक-जावककडे द्यायचा, म्हणजे बटणकडे.

"अर्ज घ्यायला माझी ना नाही, भाऊसाहेब," बटण म्हणाला. "पण अर्जदार हजर असला पाहिजे. आणि नोंदीप्रमाणे तुम्ही आज गैरहजर आहात."

"अरे, मी तुझ्यापुढे उभा आहे!"

"मला दिसताय की. नोंदीत दिसत नाही."

भाऊसाहेबांना संताप आला, पण तो धड करताही येईना. 'प्रत्यक्ष दिसणे ही हजेरी नव्हे' हे वाक्य परिपत्रकातलंच होतं, आणि ते लिहिलं तेव्हा त्यांना इतकं आवडलं होतं की त्यांनी ते बायकोला वाचून दाखवलं होतं.

अर्जाला डॉक्टरचा दाखलाही लागत असे. डॉक्टरने बोट उलटसुलट करून पाहिलं. "हे बोट तुमचंच आहे असं लिहून द्यायचं?"

"हो."

"कशावरून?"

"माझ्या हाताला आहे ना, डॉक्टर!"

"आत्ता आहे. नोंदणीच्या वेळी हेच होतं हे मी कसं सांगू? मी नव्हतो तिथं." दाखला देण्याऐवजी त्याने सल्ला दिला. "पंधरा दिवस गिटारला हात लावू नका. कातडी आपोआप मऊ होईल."

म्हणजे वाजवलं तर गैरहजर, आणि गैरहजर तर स्टेज नाही. न वाजवलं तर हजर, पण हजर राहून वाजवणार काय, कपाळ? इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच, असं भाऊसाहेबांना वाटलं. ते रोज ऑफिसला जात, दिवसभर राबत आणि संध्याकाळी गैरहजर म्हणून घरी येत. पाचव्या दिवशी गैरहजर कर्मचाऱ्यांना नोटिसा काढायचं काम त्यांच्या टेबलावर आलं. यादीत एकच नाव होतं. त्यांनी स्वतःला नोटीस लिहिली, स्वतः सही केली, स्वतः घेतली आणि वाचली. मसुदा चांगला उतरला होता. वाचताना त्यांना दरदरून घाम फुटला.

त्या संध्याकाळी ते घड्याळजीकडे गेले ते निरोप घ्यायलाच. बोट पुढे करून त्यांनी सगळी कहाणी सांगितली. घड्याळजीने भिंग लावलं आणि बोट उजेडाकडे फिरवलं.

"तुम्ही तार दाबत नाही," तो म्हणाला. "तिचा गळा दाबता."

"म्हणजे?"

"बोट तारेवर नुसतं ठेवा. वाजवा. खरखरतंय? आता किंचित दाब. आणखी किंचित. थांबा! खरखर गेली ना? बस. सूर एवढ्यात येतो. यापुढचा सगळा जोर फुकट. आणि बोट दोन पडद्यांच्या, या धातूच्या पट्ट्यांच्या, मधोमध नको, पुढच्या पडद्याला चिकटून ठेवा, म्हणजे आणखी कमी लागेल. अंगठा का आवळलाय मागून? सोडा तो. गिटार पळून जात नाही."

भाऊसाहेबांनी अंगठा सोडला. सूर आला. इतक्या थोड्या जोरावर इतका स्वच्छ सूर आला की त्यांना आपण आयुष्यात आणखी काय काय विनाकारण आवळून धरलं असेल याची शंका आली. यादी मोठी झाली असती, म्हणून त्यांनी विचार तिथेच सोडला.

त्या दिवसापासून ते कापसावर ठेवल्यासारखी बोटं ठेवू लागले. बायको सकाळ-संध्याकाळ तर्जनीला मलम चोळायची आणि चोळताना बोलायची, "मुलांचं इतकं केलं नाही मी कधी." सहावा दिवस गैरहजर. सातवा, आठवा, नववा. दहाव्या दिवशी मशीनसमोर रांग खोळंबली, भाऊसाहेबांनी अकरा वेळा बोट ठेवलं, मागून कोणीतरी म्हणालं, "हात जोडा, कदाचित ऐकेल." नाही ऐकलं. अकराव्या दिवशी सकाळी त्यांच्याने चहा घेववला नाही. दारात त्यांनी बोट ठेवलं, तारेवर ठेवावं तसं, जेमतेम. मशीनने हिरवा दिवा दाखवला आणि "धन्यवाद" म्हटलं. भाऊसाहेबांचे डोळे भरून आले. एका यंत्राने आभार मानल्यावर माणसाने रडू नये, पण त्या क्षणी त्यांना ते सुचलं नाही.

आठवड्याभराने संमेलन आलं. हॉल भरला. पहिल्या रांगेत मोठे साहेब, त्यांच्या शेजारी त्यांच्या मिसेस आणि त्यांच्या शेजारी भाऊसाहेबांची बायको. शेवटच्या रांगेत घड्याळजी भिंग खिशात घालून बसला होता. ढोलाच्या आडोशाची खुर्ची सोडून भाऊसाहेब पहिल्यांदाच उभे राहिले. त्यांच्या पुढ्यात, दिव्याच्या झोतात, चमकता शर्ट घालून बटण.

धून सुरू झाली. मध्यावर सगळी वाद्यं गप्प झाली. आणि भाऊसाहेबांनी पीस वाजवला.

चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस. एकही गळला नाही, एकही खरखरला नाही. बोटं तारेवरून कागदभर उचलली जात होती आणि परत बसत होती; अंगठा सैल, खांदे सैल, करंगळी घरच्यासारखी बसलेली. अकरा सेकंद त्यांना वाटलं की आपण वाजवत नसून कोणीतरी वाजवलेलं ऐकतोय. असं सुख त्यांना उभ्या जन्मात मिळालं नव्हतं.

हॉल टाळ्यांनी दणाणला. "बटण! बटण! वन्स मोअर!"

भाऊसाहेबांना आधी कळेचना. मग कळलं. नकाशावाल्याची बोटं लोकांनी वर्षानुवर्षं छताला लागलेली पाहिली होती. इथे गिटारवाल्याचा हात तर हलताना दिसत नव्हता. हलत होता तो बटण, आणि त्याच्या कीबोर्डात गिटारचा आवाज असतो हे सगळ्या खात्याला ठाऊक होतं. मोठे साहेब उठून बटणकडे बघत टाळ्या वाजवत होते. तीन महिने राबून आपण इतकं चांगलं वाजवायला शिकलो, की आपण वाजवलं हेच कोणाला दिसू नये?

बटणने मागे वळून पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "भाऊसाहेब," तो कुजबुजला, "वाजवा हो परत. माझ्यात नाहीये तो पीस. एका बटणात येतो असं नुसतं म्हणालो होतो मी."

नुसते हात खाली सोडले असते तरी बटणची फजिती झाली असती. भाऊसाहेबांच्या मनात ते आलंही, आणि ते संत नव्हते. पण त्याहून बरं त्यांना दुसरंच सुचलं. यावेळी बोटं उडवायची! करंगळी दोन इंच, चार इंच, दिव्यापर्यंत वर न्यायची, म्हणजे आंधळ्यालाही दिसेल. सूर चुकले तर चुकले. त्यांनी श्वास घेतला आणि पीस सुरू केला.

करंगळी उठेना. त्यांनी मनातून हुकूम सोडला, दरडावलं, विनवलं. तिने ऐकलं नाही. बाकीची बोटंही तारेला धरून राहिली. पुन्हा चव्वेचाळीस सूर, मोत्यासारखे, आणि पुन्हा हात ढिम्म. पुढे बटण या खेपेला कमरेपासून डोलत होता. टाळ्या आधीपेक्षा दुप्पट झाल्या.

त्या टाळ्या ओसरताना मोठ्या साहेबांच्या मिसेस शेजारी वळून म्हणाल्या, "तुमचे मिस्टर वाजवत नाहीत का हो हल्ली? नुसतेच उभे होते."

भाऊसाहेबांची बायको ताडकन उठली. इतकी वर्षं साहेबांच्या मिसेससमोर तिने आवाज चढवला नव्हता. "अहो, तेच वाजवत होते!" ती म्हणाली, आणि नेमका हॉल तेवढ्यात शांत झाला होता. "तीन महिने लागलेत त्यांना असं नुसतं उभं राहायला!"

हॉल पोट धरून हसला. बायकोने नवऱ्याची भर सभेत काय उडवली, असंच सगळ्यांना वाटलं. मोठे साहेब तर डोळे पुसत होते. फक्त शेवटच्या रांगेतला घड्याळजी हसला नाही. त्याने मान डोलावली. आणि स्टेजवर भाऊसाहेब पुढे आले, बायकोकडे पाहून कमरेत वाकले, आणि एकोणीस वर्षांतला आपला पहिला नमस्कार त्यांनी त्या हशालाच केला.